ओझं आहे तेवढंच आहे, पण आता झोप लागते

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, साक्ष द्यायची पद्धत आहे. रविवारच्या भक्तीत पाळकसाहेब मधेच विचारतात, कुणाला साक्ष द्यायचीय का, मग एखादी बाई नाहीतर एखादा भाऊ उठतो आणि सांगतो की असं असं संकट होतं, प्रार्थना केली आणि प्रभूनं मार्ग काढला. रिपोर्ट नॉर्मल आला, नोकरी लागली, कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. लहानपणापासून मी हे ऐकत आलोय आणि काही साक्षी खरंच भारी असतात, डोळ्यात पाणी येतं. पण माझ्याकडं जे सांगायला आहे त्याला असा शेवट नाहीये. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, डावा हात अजून उचलत नाही, पतसंस्थेचा हप्ता अजून दर महिन्याला जातो, घराचं कर्ज तर आहेच आहे. तरी मला विसावा मिळालाय. तो कसा कसा मिळत गेला हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण माझ्यासारखे घरोघरी आहेत, त्यातून बापे माणसं जास्त, जी कुणापाशी काही बोलत नाहीत.

आम्ही नगरचे. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. मूळ गाव नेवासा तालुक्यात, वडाळा मिशनच्या बाजूचं. अमेरिकन मराठी मिशनवाले 1831 साली नगरला आले आणि तिथून पुढं आजूबाजूच्या गावांत शाळा, दवाखाने, चर्च असं करत पसरले, त्यामुळं आमच्या घरात पणजोबांपासून पवित्र शास्त्र आहे. बाप्तिस्मा झाला, संडे स्कूल झालं, तरुण संघ झाला, लग्न चर्चमधे, पोरांचे बाप्तिस्मे चर्चमधे. मला विश्वास होता का असं कुणी विचारलं असतं तर मी म्हणलो असतो हो म्हणजे काय, आम्ही ख्रिस्तीच आहोत ना. त्यावर कधी विचार करायची वेळच आली नव्हती.

वेळ आली 2022 ला. दिवाळीच्या आसपास अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा वाचली (थोडं जड बोलतात पण कळतं, आणि टोमणे तर एकदम क्लिअर कळतात). दवाखान्याचं बिल भरायला पतसंस्थेतनं कर्ज काढलं, वरती घराचा हप्ता होताच, मुलगी नर्सिंगला गेली तिची फी. मी नागापूर एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरला आहे. पगार बरा आहे पण एवढं सगळं पेलायचं म्हणल्यावर ओव्हरटाइम घ्यायलाच लागायचा, मग मी रविवारीसुद्धा जायला लागलो, रविवारी डबल मिळतं. आई आधीच गेलेली. घरी अण्णांचं सगळं बायको बघायची, रात्री मी बघायचो. धाकटा भाऊ पुण्याला. तो फोन करायचा, पैसे जमतील तसे पाठवायचा, पण मीच त्याला म्हणायचो, तू नको काळजी करू, मी आहे. मी थोरला ना.

हे मी आहे, मी आहे असं म्हणता म्हणता माझी झोप उडाली. अण्णांना कूस बदलायला रात्री उठायचो ते परत डोळा लागायचाच नाही. मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढून तेच तेच आकडे परत परत मांडायचो, जसं काय तिसऱ्यांदा बेरीज केली की वेगळी येईल. सकाळी कामावर डोकं चालायचं नाही, आवक एकीकडं आणि एंट्री दुसरीकडं. बायको काही बोलली की अंगावर जायचो. बीपी निघालं. प्रार्थना करायचो का? करायचो ना, जेवायच्या आधीची पाठ असलेली, ती तोंडानं चालू असायची आणि डोक्यात हप्ता.

आता कॉटेज प्रेअर म्हणजे काय ते सांगतो, आमच्याकडच्यांना माहितीच आहे पण बाकीच्यांसाठी. बुधवारी संध्याकाळी कुणातरी एकाच्या घरी दहापंधरा जण जमायचं, दोन गाणी, शास्त्रपाठ, थोडा विचार, प्रार्थना आणि चहा. पाळ्या लावलेल्या असतात. मी तर वर्षभर फिरकलो नव्हतो, पण यादीत आमच्या घराचं नाव आलं आणि नाही म्हणणं बरं दिसेना. हॉलमधेच अण्णांची कॉट, त्यामुळं सगळे कॉटच्या भोवती बसले. त्या दिवशी बोलायला एक रिटायर्ड एसटी कंडक्टर होते, शिकलेले बेताचे पण शास्त्र तोंडपाठ. त्यांनी मार्कचा दुसरा अध्याय काढला. कफर्णहूममधे येशू एका घरात बोलतोय, दारात पाय ठेवायला जागा नाही, आणि एका पक्षघाती माणसाला त्याची माणसं घेऊन येतात, आत जाता येत नाही म्हणून छप्पर उचकटून वरून बाज खाली सोडतात. ही गोष्ट आम्ही संडे स्कूलमधे चित्र रंगवून रंगवून शिकलेली. मी मनात म्हणलं, आता हे म्हणणार तो बरा झाला तसे अण्णा बरे होतील, विश्वास ठेवा. मागं एकानं असं म्हणून झालं होतं, त्याचं पुढं सांगतो.

पण कंडक्टरकाकांनी विचारलं, बाज उचलायला किती जण होते? सगळे म्हणले चौघं. मग ते माझ्याकडं वळून सरळ विचारतात, तुमच्या खाटेला किती?

मी गप्प. किचनमधनं बायकोचा आवाज आला, "दोन."

कुणी हसलं नाही. काका म्हणले, शास्त्रात लिहिलंय की येशूनं 'त्यांचा विश्वास पाहून' त्या माणसाला क्षमा केली, त्यांचा म्हणजे उचलणाऱ्यांचा धरून सगळ्यांचा. खाट दोघांनी उचलायची नसते, कोपरे चार असतात. एवढंच बोलले आणि प्रार्थना केली. चहा पिताना मंडळीतल्या एक मावशी, मिशन हॉस्पिटलमधनं नर्स म्हणून रिटायर झालेल्या, त्या उठून अण्णांची पाठ बघायला लागल्या. तिथं लाल झालेलं होतं. त्यांनी बायकोला तिथल्या तिथं दाखवलं, चादर आडवी घालून तिचं टोक धरून पेशंटला कसं वळवायचं म्हणजे आपली कंबर जात नाही, दर दोन तासाला कूस बदलायची, टाचेखाली काय ठेवायचं, पाणी पाजताना डोकं कसं धरायचं म्हणजे ठसका लागत नाही. हे सगळं दवाखान्यातनं सोडताना कुणीतरी सांगितलं असेलही, पण तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरतंय. मावशी म्हणल्या मी मंगळवारी येते. तरुण संघातली दोन पोरं म्हणली आम्ही शनिवारी अंघोळ घालू.

मला हे अजिबात आवडलं नाही. खरं सांगतो, सगळे गेल्यावर मी बायकोवर चिडलो की दोन म्हणून सांगायची काय गरज होती. आपल्या बापाला दुसऱ्याच्या पोरांनी अंघोळ घालायची, त्याचं अंग परक्यांनी बघायचं, हे आपल्याकडं नसतंच. शेजारीपाजारी काय म्हणतील. पण शनिवारी पोरं आली, आणि अण्णांनी त्यांच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत अंघोळ केली. माझ्याशी अंघोळीच्या वेळी ते कधी बोलायचे नाहीत, कारण मी कायम घाईत. तेव्हा कुठंतरी वाटलं की आपण जे एकट्यानं करतोय ते अण्णांना पण जड जातंय.

आता प्रार्थनेचं. लोक म्हणतात ओझं प्रभूवर टाका. टाका म्हणजे काय करा नक्की? मला हे कधी कळलं नव्हतं, आणि मी पाळकसाहेबांना तसंच विचारलं. ते वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत, सेमिनरीत शिकून आलेले, मला वाटलं काहीतरी मोठं थिऑलॉजीचं सांगतील. ते म्हणले, आधी तुम्ही झोपता किती ते सांगा. मग त्यांनी एलियाचं काढलं. 1 राजे 19. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवलेला, आणि लगेच पुढच्या अध्यायात रानात एका झुडपाखाली बसून म्हणतोय, पुरे झालं परमेश्वरा, माझा प्राण घे. देवानं त्याला काय उत्तर दिलं? उपदेश नाही केला. तो झोपला, दूतानं येऊन उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी, खा म्हणला. खाल्लं, परत झोपला. परत उठवलं, परत खायला घातलं. बोलणं सगळं नंतर, होरेब डोंगरावर गेल्यावर. पाळकसाहेब म्हणले तुम्ही आधी डॉक्टरकडं जा, झोपेचं सांगा, लाज धरू नका, आणि मग आपण प्रार्थनेचं बघू.

हे मी मुद्दाम लिहितोय. कारण आपल्यात असे लोक आहेत की गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी. मी डॉक्टरकडं गेलो, त्यांनी बीपीच्या गोळीबरोबर काही महिने आणखी एक औषध दिलं आणि कौन्सेलिंगला पाठवलं. तिथल्या मॅडम ख्रिस्ती नव्हत्या, त्याचा काही प्रॉब्लेम आला नाही. त्यांनी जे सांगितलं आणि पाळकसाहेबांनी जे सांगितलं ते बऱ्याच ठिकाणी जुळत होतं.

तर पाळकसाहेबांनी सांगितलेली प्रार्थना. रात्री अण्णांच्या कॉटशेजारी बसायचं, मोठ्यानं बोलायचं, मनात नाही. गोल गोल बोलायचं नाही, 'सर्व चिंता' असं नाही म्हणायचं, नाव घेऊन सांगायचं: दहा तारखेचा हप्ता. पोरीची दुसऱ्या सेमची फी. अण्णांच्या पाठीवरची जखम. मी बायकोला आज बोललो ते. एकेक सांगायचं आणि म्हणायचं, प्रभू, हे आता सकाळपर्यंत तुझ्याकडं. सकाळपर्यंत, कायमचं नाही, कायमचं म्हणलं की आपल्यालाच खोटं वाटतं. आणि मग कॅल्क्युलेटर काढायचा नाही. शेवटी मत्तयाच्या अकराव्यातलं वाचायचं, 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.' हे वचन आमच्या घरात भिंतीवर फ्रेम करून लावलेलंय, माझ्या लग्नात कुणीतरी दिलेलं, पण रोज दिसतं म्हणून बघितलंच जात नाही.

सुरवातीला काही झालं नाही. लाज वाटायची, अण्णा जागे असायचे आणि ऐकायचे. एका रात्री माझं सांगून झाल्यावर ते म्हणले, "माझं बी सांग." मी विचारलं काय सांगू. म्हणले, "सांग की मला पोराचा भार व्हायचं नाही." त्यावर मी काय बोलणार. तसंच सांगितलं देवाला, शब्द न बदलता. तिथून पुढं आम्ही दोघं मिळूनच करायला लागलो, आधी माझी यादी मग त्यांची. त्यांच्या यादीत कायम गावाकडची माणसं असतात, कुणाचा ऊस गेला नाही, कुणाच्या विहिरीला पाणी नाही. झोपून असलेला माणूस अख्ख्या गावाची काळजी करतो. कधी कधी मी यादी सांगता सांगता तिथंच खुर्चीत झोपायला लागलो. कॅल्क्युलेटर पूर्ण सुटला असं नाही, महिनाअखेरीला अजून हात जातो.

रविवारचा निर्णय सगळ्यात अवघड गेला. डबल पगार सोडायचा म्हणजे चेष्टा नाही. भाऊबंदांपैकी एकजण म्हणला, देव काय हप्ता भरणारेय का तुझा. बरोबरच आहे त्याचं, व्यवहारात बरोबर आहे. आम्ही नवरा-बायको वही घेऊन बसलो, गाडी विकली (बाइक नाही, जुनी कार होती, वर्षातनं मोजक्या वेळा बाहेर निघायची), पतसंस्थेत जाऊन हप्ता लहान करून मुदत वाढवून घेतली, आणि रविवार बंद केला. निर्गममधे आहे की सहा दिवस काम कर आणि सातव्या दिवशी थांब, म्हणजे तुझ्या बैलाला आणि गाढवालासुद्धा विसावा मिळेल. हे मी अण्णांना वाचून दाखवत होतो तर ते एकदम खुलले. अण्णांनी बैल बाळगलेत, आमची जिरायती जमीन होती, ट्रॅक्टर परवडायच्या आधीचा काळ. म्हणले, खांदेमळणी म्हण की. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला कामाला लावत नाहीत, त्याचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा आणि हळद-तूप लावून चोळायचा, जिथं वर्षभर जू बसलेलं असतं तिथं. अण्णा म्हणले, "जू हलकं भारी नसतं रे. ते खांद्याला बसायला लागतं. न बसणारं जू असलं का खांदा सोलतो, मग रिकामी गाडीसुद्धा ओढत नाही बैल. चांगला सुतार बैल बघून जू करतो." आणि मग स्वतःच म्हणले, "येशू सुतारच होता की."

मी पुढं पाळकसाहेबांना हे सांगितलं तर त्यांनी ते पुढच्या रविवारी प्रवचनात वापरलं, अण्णांचं नाव घेऊन. अण्णा व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग ऐकून दोन दिवस हवेत होते. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलंय की मत्तयातल्या त्या विसाव्याच्या वचनात पुढं येशू जू काढून टाकतो असं म्हणतच नाही, माझं जू घ्या म्हणतो. म्हणजे काम आहेच. माझा बाप आहे, माझं घर आहे, ते ओढायचंच आहे. रविवारी आम्ही अण्णांना व्हीलचेअरवर घालून चर्चला नेतो, तरुण संघाची पोरं पायऱ्या चढवतात, दुपारी घरी मटण नाहीतर काहीही साधं, आणि मग मी झोपतो. दुपारी! वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दुपारी झोपायला मिळतंय. बायकोचा रविवार मात्र अजून पुरता रविवार झालेला नाही, स्वैपाक तिलाच असतो, यावर आमच्या घरात चर्चा चालू आहे आणि माझी बाजू लंगडी आहे.

मघाशी म्हणलं ते. अण्णांना झटका आला तेव्हा एका ओळखीच्यानं आम्हाला एका सभेला नेलं होतं. मोठा मांडव, मोठे स्पीकर. तिथं सांगितलं की घरात कुणाचं तरी पाप लपलेलं आहे म्हणून हा आजार आलाय आणि विश्वासानं अमुक रक्कम पेरली तर कर्ज फिटेल. पाकीट फिरत होतं. माझी बायको शांत बाई आहे, पण ती गाडीत बसल्यावर म्हणली, योहानाचा नववा अध्याय यांनी वाचला नाही का? तिथं शिष्य जन्मांधाकडं बघून हेच विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापानं, आणि येशू म्हणतो यानंही नाही, आईबापानंही नाही. आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक धोंडा ठेवणारे हे लोक, मला त्यांचा राग येतो आणि तो राग मी प्रार्थनेच्या यादीतसुद्धा घालत नाही अजून. बघू.

मधे मंडळीची सहल केडगावला गेली. आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. मावशींनी अण्णांची जबाबदारी घेतली आणि आम्हा दोघांना ढकलून पाठवलं. रमाबाईंबद्दल शाळेत दोन ओळी होत्या तेवढंच माहीत होतं. तिथं ऐकलं तेव्हा कळलं की या बाईनं काय काय पाहिलंय. दुष्काळात वणवण करताना आई गेली, वडील गेले, थोरली बहीण गेली. पुढं भाऊ गेला. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात लहान मुलगी. त्यातनं उठून 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना, विधवांना केडगावला आणून सांभाळलं. म्हातारपणी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरनं पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर चालू होतं, आणि शेवटाला 1921 मधे एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही काम सोडलं नाही, 5 एप्रिल 1922 ला गेल्या.

पण मला लागलं ते वेगळंच. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमधे झाला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यानंतर बरीच वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. सात-आठ वर्षांनी भारतात परत आल्यावर तो मिळाला. एवढी विद्वान बाई हे म्हणते, तर मग आम्ही पणजोबांपासूनचे ख्रिस्ती म्हणून मिरवणारे कोण? बसमधे परत येताना सगळे गाणी म्हणत होते, आमच्याकडं बसमधे बसलं की रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी सुरू होतातच, आणि मी खिडकीकडं बसून हाच विचार करत होतो. आनंद झाला होता खरंतर. म्हणजे उशीर होणं चालतं तर.

त्यानंतरचा लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, मी पहिल्यांदा नीट पाळला. संध्याकाळचं जेवण साधं, मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत, आणि शुक्रवारची भक्ती चुकवायची नाही. गुड फ्रायडेला आमच्याकडं बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. उन्हाळा, पंखे गरम हवा फेकणारे, लहान पोरं पेंगलेली. तिसऱ्या उद्गारावर एक शिक्षिका बोलल्या. येशू वधस्तंभावर आहे, खाली आई उभी आहे, आणि तो आईला म्हणतो, बाई, हा तुझा मुलगा, आणि प्रिय शिष्याला म्हणतो, ही तुझी आई. आणि त्या घटकेपासून शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. बाई म्हणल्या, हा थोरला मुलगा होता. आईची जबाबदारी त्याची होती. जगाचं पाप उचलतोय पण आईला सांभाळायचं काम तो दुसऱ्याच्या हातात देतोय, शब्दात, नाव ठेवून, समोरच्याला सांगून. तो असं नाही म्हणाला की मी बघतो सगळं.

मी तिथं बाकावर बसलेलो आणि पुढचे चार उद्गार मी काही ऐकले नाहीत. मी आयुष्यभर वधस्तंभाकडं बघून हेच शिकलो होतो की सहन करायचं, बोलायचं नाही, थोरल्यानं पेलायचं. आणि तोच थोरला वेदनेत असताना काम वाटून देतोय.

भावाला त्याच संध्याकाळी फोन केला. मी आहे, काळजी करू नको, हे वाक्य नाही बोललो. म्हणलं, मला एकट्याला होत नाही, महिन्यातनं दोन शनिवार-रविवार तू येऊन अण्णांपाशी थांब, आणि पतसंस्थेचा निम्मा हप्ता तू घे. फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग तो म्हणला, दादा, तू कधी बोललाच नाहीस, मला वाटायचं तुला मी लागत नाही. त्याचं वहिनीशी, म्हणजे माझ्या बायकोशी, आधी एकदा वाजलं होतं यावरून, ते मला माहीतच नव्हतं. त्याची बायको सुरवातीला नाराज होती, तिचंही खरंय, त्यांचे स्वतःचे हप्ते आहेत पुण्यात. निम्मा नाही जमला, तो तिसरा हिस्सा देतो. पुरतं.

आता कसं चाललंय विचाराल तर असं. अण्णांची पाठ भरली, पण हिवाळ्यात परत लाल होते. रात्री ते कधी कधी आईला हाका मारतात, तेव्हा मलाही सुधरत नाही. झोपेचं औषध डॉक्टरांनी हळूहळू बंद केलं, बीपीची गोळी चालू आहे. बुधवारी मी जातो, मागच्या महिन्यात तर बोलायची पाळी माझ्यावर आली आणि मी मोशे आणि त्याचा सासरा इथ्रो यांचं घेतलं, निर्गम 18, सासरा जावयाला म्हणतो हे तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा करतोयस ते बरं नाही, तू झिजशील आणि लोकही झिजतील. कंडक्टरकाका म्हणले वाईट नाही, पण लांबवलंस.

भाऊ येतो महिन्यातनं दोनदा. शुक्रवारी रात्री पोचतो म्हणतो आणि शनिवारी सकाळी पोचतो, शिरूरला ट्रॅफिक होतं म्हणे, दर वेळी. मी त्याला कूस बदलायचं चादरीचं टेक्निक शिकवलं, जसं मावशींनी बायकोला शिकवलं होतं. मागच्या वेळी स्वतःहून डायपर घेऊन आला, अख्खा मोठा पॅक, ऑफरमधे मिळाला म्हणून खूश, आणि साइज दोन नंबर मोठी. अण्णांनी ते बघून काय म्हणलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण भाऊ आणि मी किचनमधे जाऊन खूप हसलो. पॅक बदलून घ्यायला तोच गेला परत.